तिसऱ्या पिस्टवरची पांढरी लाइट: विभागीय स्पर्धेतल्या फॉइलच्या एका दिवसाचे प्रकरण

ऑगस्टमधला शनिवार, वाशीतला एक बॅडमिंटन हॉल, बाहेर पहाटेपासून पाऊस धरलेला. विभागीय बहुक्रीडा स्पर्धेत तलवारबाजीला दोन दिवस मिळाले होते: तलवारीच्या तीन प्रकारांपैकी शनिवारी फॉइल, रविवारी इपी आणि सेबर. शनिवारी सकाळी ९ ला सुरू होऊन संध्याकाळी ५ ला आटोपायची फॉइलची स्पर्धा ५.५० ला अर्ध्यावर थांबवावी लागली. मुलींच्या उपांत्य लढती आणि दोन्ही गटांच्या अंतिम लढती रविवारवर गेल्या. दिवसभर रेफरींच्या नावाने ओरड झाली, टच दाखवणाऱ्या मशीनच्या नावाने झाली, पावसाच्या नावाने तर झालीच. खरा घोळ मात्र सकाळी साडेसातला, वेपन चेकिंगच्या, म्हणजे सामान तपासणीच्या, एकुलत्या एका टेबलावर झाला होता, आणि तो आदल्या आठवड्यात कागदावर दिसायला हवा होता.

हे प्रकरण अशा स्पर्धांमध्ये पुन्हा पुन्हा होणाऱ्या चुका एका दिवसात आणून अभ्यासासाठी बांधले आहे, म्हणून संस्था आणि खेळाडू यांची नावे नाहीत. मापे आणि नियम खरे आहेत.

हॉल आणि वेळेचा हिशोब

बॅडमिंटन हॉल तलवारबाजीला चांगला जमतो, आणि त्याला कारण आहे. पिस्टची, म्हणजे लढतीच्या पट्टीची, लांबी १४ मीटर, रुंदी दीड ते दोन मीटर. शिवाय दोन्ही टोकांना मागे हटायला निदान दीड-दीड मीटर जागा लागते. म्हणजे १७ मीटर. बॅडमिंटन कोर्ट १३.४ मीटर लांब आणि इथे मागे दोन्हीकडे दोन-दोन मीटर मोकळे होते, म्हणजे १७.४. एका कोर्टावर एक पिस्ट बसते आणि मधल्या जागेत रेफरीला पुढे-मागे चालता येते, मशीनचे टेबलही राहते. चार कोर्ट, चार पिस्ट. ओढूनताणून पाचवी टाकायचा मोह इथे झाला नाही, हे बरेच झाले. रेफरीला नीट उभे राहायला जागा नसेल तर फॉइलमध्ये दोघांनी एकदम मारल्यावर हल्ल्याचा हक्क कोणाचा, हे त्याला दिसतच नाही.

अडचण उरलेल्या ४० सेंटिमीटरची. रील, म्हणजे खेळाडूला मशीनशी जोडणारी केबल गुंडाळणारी-सोडणारी पेटी, पिस्टच्या टोकाला, जरा बाजूला ठेवावे लागते. तिसऱ्या पिस्टचे डावे टोक हॉलच्या बाजूच्या शटरपाशी येत होते. आत घुसमट होते म्हणून शटर अर्धे उघडे ठेवलेले, आणि त्यातून पावसाची झड थेट रीलवर येत होती. ही गोष्ट पुढे महागात पडली.

मुलांचे २८ खेळाडू, मुलींचे २०. मुलांचे सात-सात जणांचे चार पूल, म्हणजे प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे गट. सातच्या पूलमध्ये २१ बाऊट, म्हणजे छोट्या लढती, होतात, ५ टचच्या (टच म्हणजे लागलेला वार), जास्तीत जास्त ३ मिनिटांच्या. वायर जोडणे, सलामी, थांबे धरून एका बाऊटला सरासरी ५ मिनिटे, म्हणजे पूल पावणेदोन तासांचा. पुढे बाद फेरी, १५ टचची. २८ खेळाडू ३२ च्या तक्त्यात बसतात, चौघांना पुढे चाल, पहिल्या फेरीत १२ लढती. एका लढतीला २० मिनिटे धरली तर चार पिस्टवर अंतिम लढतीपर्यंत २ तास ४० मिनिटे. मुलींचे पाच-पाचचे चार पूल, प्रत्येकी १० बाऊट, ५० मिनिटे. बाद फेरी २ तास. मधल्या क्रमवाऱ्या लावणे आणि जेवण धरून ९ ला सुरू केलेला दिवस ५ ला संपतो. ६ ला पिस्ट उचलायला सुरुवात आणि साडेसहाला त्याच हॉलमध्ये बॅडमिंटनचे सामने, असा आयोजन समितीचा आदेश होता. म्हणजे तासाभराची उसंत. विभागीय स्पर्धेसाठी हे नियोजन वाईट नव्हते.

त्यात एकच ओळ चुकीची होती: «७.३० ते ९.०० वेपन चेकिंग, १ टेबल.»

साडेसहा मिनिटांचा गुणाकार

फॉइलच्या एका खेळाडूचे सामान म्हणजे निदान दोन फॉइल, दोन बॉडी वायर (कपड्यांच्या आतून फॉइल रीलला जोडणाऱ्या), लामे जॅकेट (धातूच्या तारेचे, टच ओळखणारे), मास्क आणि मास्कची वायर. टेबलावर काय काय होते ते पाहू.

फॉइल: पाते ९० सेंटिमीटरपर्यंत, एकूण वजन ५०० ग्रॅमच्या आत, गार्ड (मुठीपुढची वाटी) १२ सेंटिमीटरच्या गेजमधून जायला हवे, पात्याचा बाक एक सेंटिमीटरपेक्षा कमी. टोकाकडचे १५ सेंटिमीटर इन्सुलेशन टेपने झाकलेले. टिपवर, म्हणजे टोकाच्या बटणावर, ५०० ग्रॅमचे वजन ठेवून दाबायचे, लाइट लागते. हात सोडल्यावर स्प्रिंगने ते वजन वर ढकलले पाहिजे आणि लाइट विझली पाहिजे. स्प्रिंग थकलेली असेल तर वजन तसेच बसून राहते. दोन फॉइलना मिळून दोन मिनिटे. बॉडी वायरमध्ये तीन तारा, प्रत्येकीचा रोध १ ओहमच्या आत. दोन वायरना एक मिनिट, पण मीटर लावल्यावर वायर दोन्ही टोकांपाशी वाकवून बघायची, कारण तुटलेली तार सरळ असताना हटकून जोडलेली दिसते. लामेवरून ५०० ग्रॅमचा प्रोब फिरवायचा, रोध ५ ओहमच्या वर कुठेच जायला नको. काखेत, कॉलरपाशी आणि पाठीच्या चेनजवळ जरा जास्त वेळ. दोन मिनिटे. मास्कला एक मिनिट. शिक्का आणि नोंद अर्धा मिनिट.

एकूण साडेसहा मिनिटे. २८ खेळाडूंना १८२. टेबलाला मिळालेली ९० मिनिटे. ९ वाजता १३ खेळाडू तपासून झाले होते आणि रांगेत १५ जण भिजलेल्या किटबॅगा घेऊन उभे होते. टेबलावरच्या तंत्रज्ञाने एक मिनिटही वाया घालवले नव्हते. गुणाकारच तसा होता.

दुसरा माणूस बसवून दोन टेबले केली असती तर ९१ मिनिटे. त्याहून चांगली रीत म्हणजे सामान एका माणसाकडे न देता टेबलावरून टेबलावर सरकवणे: पहिल्यावर फक्त फॉइल, दुसऱ्यावर वायर आणि मास्क, तिसऱ्यावर लामे, शिक्का, नोंद. सर्वांत हळू टेबल अडीच मिनिटांचे, म्हणजे २८ जण सव्वा तासात मोकळे. शिवाय वजने, गेज, मीटर यांची अदलाबदल होत नाही आणि माणसाचा हात बसतो. वायर आणि मास्कच्या टेबलाला शिकाऊ स्वयंसेवकही अर्ध्या तासात तयार होतो.

हे न करता ९.२५ ला निर्णय झाला, «बाकीचे पिस्टवरच बघून घेऊ.» ९.४० ला पूल सुरू झाले.

मास्क

या निर्णयातली सर्वांत गंभीर गोष्ट वेळेची नव्हती. रांगेतल्या १५ जणांचे मास्क कोणी तपासले नव्हते.

मास्कच्या जाळीवर १२ किलोच्या स्प्रिंगचा टोचा दाबून बघतात. जाळीचा डोळा रुंदावला, टोचा आत घुसला, तर मास्क बाद. ही तपासणी उगाच आलेली नाही. १९८२ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत फॉइलच्या लढतीत प्रतिस्पर्ध्याचे पाते तुटले आणि ते तुटके टोक सोव्हिएत संघाच्या व्लादिमीर स्मिरनोव्हच्या मास्कमधून आत गेले. तो तेव्हाचा ऑलिम्पिक विजेता होता. तो वाचला नाही. त्यानंतर मास्क, जॅकेट आणि पात्याचे पोलाद या तिन्हींचे निकष कडक झाले. आज वरच्या दर्जाच्या जॅकेटला ८०० न्यूटनची आणि मास्कच्या बिबला (गळ्यावरच्या कापडाला) १६०० न्यूटनची ताकद लागते ती त्यातून आली. आपल्याकडे जाळीला मोठा धोका खाऱ्या दमट हवेचा. ठाणे खाडीच्या दोन्ही बाजूंना पावसाळाभर बंद बॅगेत राहिलेल्या मास्कची जाळी कडेने, कापडाच्या शिवणीखाली गंजते, आणि बाहेरून ती चकचकीत दिसते.

१०.२० ला मुख्य रेफरींच्या हे लक्षात आले. त्यांनी चारही पिस्ट थांबवल्या आणि आधी तपासलेले-न तपासलेले असा भेद न करता सगळे २८ मास्क टोच्याखाली घेतले. २५ मिनिटे गेली. दोन मास्क बाद झाले. पालकांकडून आणि काही प्रशिक्षकांकडून त्यांना बोलणी बसली. त्या दिवसातला हा सर्वांत योग्य निर्णय होता. बिघडलेली वायर फार तर बाऊट लांबवते. गंजलेल्या जाळीचा मास्क घालून मूल पिस्टवर गेले तर त्याची भरपाई कशानेच होत नाही.

तिसरी पिस्ट

बाकीच्या तीन पिस्टवर बाऊटला सरासरी साडेसहा मिनिटे लागत होती. तिसरीवर आठ. लागोपाठ तक्रार एकच: डाव्या बाजूची पांढरी लाइट मध्येच लागते.

फॉइलचे सर्किट समजले की ही तक्रार अर्धी सुटते. फॉइलमध्ये सर्किट एरवी बंद असते, टिप दाबली की तुटते. मशीनला ते तुटलेले १४ मिलिसेकंदांच्या आसपास दिसले पाहिजे. तुटले त्या क्षणी टिप प्रतिस्पर्ध्याच्या लामेवर असेल तर लाल किंवा हिरवी, दुसरीकडे कुठे असेल तर पांढरी. पण सर्किट टिपने तोडले की सैल प्लगने, हे मशीनला कळत नाही. म्हणून:

टच झालेला नसताना स्वतःच्या बाजूची पांढरी लुकलुकली, तर बिघाड त्याच खेळाडूच्या मार्गात आहे: टिप, पात्यातली तार, सॉकेट, बॉडी वायर, रील किंवा रीलपासून मशीनपर्यंतची फ्लोअर केबल. टच स्वच्छ छातीवर बसला तरी पांढरीच लागली, तर संशय समोरच्यावर: त्याच्या लामेचा मेलेला भाग, निसटलेली क्लिप, किंवा बिबवर टच असेल तर मास्कची वायरच लावलेली नाही. काहीच लागले नाही, तर टिप आत जात नाही, किंवा सर्किट मध्येच शॉर्ट झाल्याने तुटतच नाही. आणि जमिनीवर टिप टेकल्यावर पांढरी लागली, तर धातूच्या पिस्टचे अर्थिंग मशीनला पोचलेले नाही.

तिसऱ्या पिस्टवर यातले एक नव्हे, तीन बिघाड एकावर एक बसले होते. काही खेळाडूंच्या न तपासलेल्या वायर खरेच खराब होत्या. डाव्या रीलमध्ये केबल गुंडाळली-उलगडली जाते तिथल्या सरकत्या कड्यांवर ऑक्सिडेशनचा थर होता, वर शटरमधून आलेली ओल. आणि अर्थिंगची क्लिप ॲल्युमिनियमच्या पिस्टला लावलेली होती खरी, पण मधे चिकटपट्टीचा तुकडा अडकला होता.

पहिल्या बिघाडाने दुसऱ्याला झाकले. पांढरी लागली की रेफरी वायर बदलायला सांगत. कधी फरक पडे, कधी चार-पाच चढाया नीट होऊन पुन्हा लुकलुके. मग फॉइल बदला. मग क्लिप पुसा. पाच खेळाडूंच्या वायर बदलल्या गेल्या. नंतर मीटर लावल्यावर त्यातल्या चार चांगल्या निघाल्या. एक खूण सकाळपासून समोर होती आणि कोणी जोडून पाहिली नाही: लाइट खेळाडू लंज मारून, म्हणजे लांब पाऊल टाकून, पुढे गेल्यावर लागत होती, म्हणजे केबल ठरावीक लांबीपर्यंत बाहेर आली की, आणि खेळाडू कोणीही असो, नेहमी डावीकडेच.

बिघाड माणसाबरोबर फिरतो की जागेवर बसून राहतो, हा पहिला प्रश्न. माणसाबरोबर दुसऱ्या टोकाला गेला तर त्याच्या सामानात, टोकालाच राहिला तर रील, केबल किंवा मशीनमध्ये. यासाठी प्रत्येक तंत्रज्ञाच्या टेबलाखाली एक खात्रीचा संच असायला हवा: सकाळी मीटरवर घेतलेले एक फॉइल, एक बॉडी वायर, एक लामे. तो कोणालाही उसना द्यायचा नाही. उसना दिला की तो खात्रीचा राहत नाही.

दुपारी १२.१० ला तो संच अखेर डाव्या रीलला लावला. तंत्रज्ञाने फॉइलची टिप हवेत मोकळी धरली, मूठ कमरेपाशी ठेवली आणि नुसता चालत निघाला. मधली रेषा ओलांडून दोन पावले गेला आणि पांढरी लागली. तो मागे आला, विझली. पुन्हा पुढे, पुन्हा तिथेच. टिपला कोणी बोटही लावलेले नव्हते. एवढे पाहायला दीड मिनिट लागले. त्याआधी अडीच तास गेले होते.

पिस्ट मांडल्यावर सकाळी हीच चाचणी दोन्ही बाजूंनी केली की दिवस वाचतो. क्रम असा: खात्रीची वायर आणि फॉइल लावून केबल पूर्ण बाहेर काढायची, परत जाऊ द्यायची, दोनदा, मशीन अंधारे राहिले पाहिजे. मग टिप बोटाने दाबायची, पांढरी. समोरच्या बाजूला जोडलेल्या लामेवर दाबायची, रंगीत. समोरच्या गार्डवर दाबायची, काही नाही. पिस्टवर तीन ठिकाणी दाबायची, दोन्ही टोके आणि मध्य, काही नाही. मग बाजू बदला. एका पिस्टला सहा-सात मिनिटे, चार पिस्टना दोघे मिळून पाव तास. सकाळी मशीन चालू करून लाइट लागते का एवढेच पाहिले गेले होते, आणि लाइट तर लागत होती.

जेवणाच्या सुट्टीत रील बदलले, शटर खाली ओढले, चिकटपट्टी काढून क्लिप धातूवर घट्ट बसवली. काढलेल्या रीलवर लगेच कागद चिकटवून लिहिले: «डावे, पिस्ट ३, मध्यरेषेपुढे तुटते.» असे लिहिले नाही तर ते रील पुढच्या स्पर्धेत चांगल्या रीलमध्ये मिसळते.

काढलेली वायर

याच पिस्टवर साडेअकराच्या सुमाराला एक प्रसंग घडला. तो प्रशिक्षकांनी मुलांना अक्षरशः करून दाखवावा असा आहे.

बाऊट ४-४. शेवटचा टच. दोघे एकदम पुढे आले, उजवीकडची हिरवी लागली, डावीकडे काहीच नाही. डाव्या मुलाचे पाते समोरच्याच्या छातीवर स्पष्ट वाकलेले सगळ्यांनी पाहिले. तो वळला, «सर, माझी लाइटच लागली नाही!» म्हणाला आणि म्हणता म्हणता त्याने गार्डच्या आतून प्लग ओढून काढला, फॉइल झटकले, प्लग पुन्हा खुपसला. बाहेरून त्याचे प्रशिक्षक ओरडले, «अरे, वायर काढू नकोस!» तोवर व्हायचे ते झाले होते.

नियम असा आहे की टच लागल्यावर आपल्या सामानात बिघाड असल्याची शंका असेल तर रेफरी स्वतः चाचणी घेतात, आणि आपला टच लागूच शकत नव्हता असे सिद्ध झाले तर समोरच्याचा तो शेवटचा टच रद्द होतो. फक्त शेवटचा, आणि लढत पुन्हा सुरू व्हायच्या आत. पण रेफरींच्या परवानगीशिवाय खेळाडूने वायर काढली, फॉइल बदलले किंवा काही सुधारले, तर रद्द करण्याचा हक्क संपतो. कारण उघड आहे. प्लग काढून घातल्यावर आधी तो सैल होता की नव्हता हे कोणालाच सांगता येत नाही.

रेफरींनी टच कायम ठेवला. नंतर पाहिले तर टिपभोवतीची टेप वर सरकून बॅरलच्या (टिप बसते त्या नळीच्या) कडेवर आली होती आणि टिप तिरकी अडकत होती. म्हणजे मुलाचे म्हणणे खरे होते. हात खाली ठेवून, पाते जमिनीकडे करून तो नुसता उभा राहिला असता आणि «रेफरी, चाचणी घ्या» म्हणाला असता, तर ४-४ वरून पुन्हा सुरुवात झाली असती. निर्णय नियमाला धरून होता, तरी मन हळहळते. सहा बाऊटमध्ये त्याचे चार विजय होण्याची शक्यता होती, राहिले तीन. पूलनंतरची क्रमवारी आधी विजयांच्या प्रमाणावर लागते, मग मारलेल्या आणि खाल्लेल्या टचच्या फरकावर, मग मारलेल्या टचवर. ०.६७ च्या जागी ०.५० आले की तक्त्यात माणूस कितीतरी खाली जातो आणि पहिल्याच लढतीत वरचा प्रतिस्पर्धी समोर येतो.

बाऊटच्या सुरुवातीला चालू स्थितीतली दोन फॉइल आणि दोन वायर हजर नसतील तर पिवळे कार्ड मिळते, हे बहुतेक मुलांना पाठ असते. वायर न काढण्याचे हे कलम फार थोड्यांना माहीत असते, आणि ते जास्त महागाचे आहे.

तीन रिकाम्या पिस्ट

१२.२० ला पहिली, दुसरी आणि चौथी पिस्ट मोकळी झाली. तिसरीवर चार बाऊट उरल्या होत्या. त्या १२.५५ पर्यंत तिथेच चालल्या आणि ३५ मिनिटे तीन पिस्ट, तीन रेफरी आणि २१ खेळाडू थांबून राहिले. सगळ्या पूलचे निकाल हाती आल्याशिवाय बाद फेरीचा तक्ता लागत नाही, त्यामुळे सर्वांत हळू पूल साऱ्या स्पर्धेची वेळ ठरवतो.

सातच्या पूलचा क्रम शेवटी असा येतो: ७-३, ६-५, १-२, ४-७. यात ७-३, ६-५ आणि १-२ या बाऊटमध्ये सहा वेगवेगळे खेळाडू आहेत, त्या तिन्ही एकाच वेळी तीन पिस्टवर होऊ शकत होत्या. मग ७ क्रमांकाच्या खेळाडूला दम खायला दोन-तीन मिनिटे देऊन ४-७. पंधरा मिनिटांत पूल संपला असता. पूलचा कागद एकच असतो, तो फिरवायचा कसा, या विचाराने ते केले नाही. मोबाइलवर फोटो काढून प्रत्येक पिस्टला दिला असता तरी चालले असते. सह्या नंतर मूळ कागदावर घ्यायच्या.

दुपार

हाती ५ तास उरले होते. मूळ क्रमाने गेले तर मुलांची बाद फेरी संपायला चार वाजले असते आणि पुढे मुलींना तीन तास लागले असते. कोणीतरी बाद फेरी १० टचची करू म्हणाले. मुख्य रेफरींनी नकार दिला आणि तो बरोबर होता. स्पर्धा सुरू झाल्यावर लढतीचे स्वरूप बदलले तर निकाल कोणी मान्य करत नाही.

त्याऐवजी पिस्ट वाटून घेतल्या. १.१५ ते २.१५ मुलांच्या १२ लढती चारही पिस्टवर. मग पहिली-दुसरी मुलांना, तिसरी-चौथी मुलींच्या पूलना. मुलींच्या ४० बाऊट दोन पिस्टवर १०० मिनिटांत बसतात, तेवढ्यात मुलांच्या १६ च्या फेरीतल्या ८ लढती होऊन उपांत्यपूर्व सुरू होतात. बाद फेरी पुढे जाते तशा तिला पिस्ट कमी लागतात. ही मोकळी होणारी जागा दुसऱ्या गटाला देणे हेच बहुक्रीडा स्पर्धेतले खरे कसब. ५.५० पर्यंत मुलांच्या उपांत्य आणि मुलींच्या उपांत्यपूर्व लढती झाल्या, आणि हॉल वेळेवर बॅडमिंटनला मिळाला.

मुलींच्या पूलमध्ये बाऊटला सरासरी पाच मिनिटेच लागली. त्यांचे सामान ११ पासून दोन टेबलांवर नीट तपासून झाले होते. सर्वांत जास्त नापास झाल्या बॉडी वायर, आणि त्या बहुतेक प्लगच्या मानेपाशी तुटलेल्या. दुरुस्तीच्या टेबलावर टिपचे स्क्रू, स्प्रिंगा, टेप आणि घड्याळजीचा बारीक पेचकस होता, म्हणून सैल टिप जागच्या जागी निघाल्या. थकलेली स्प्रिंग चिमट्याने जरा ताणली की ५०० ग्रॅम उचलते, दिवस निभतो. ही वेळ फक्त तपासणीमुळे वाचली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण तोवर तिसऱ्या पिस्टचे रीलही बदलले होते. पण शेजारची चौथी पिस्ट सकाळी आणि दुपारी तीच होती, मशीन तेच, रेफरीही तेच, आणि तिच्यावरही बाऊट दीड मिनिटाने लवकर संपत होत्या.

रविवार

अर्थिंग शनिवारी सापडले नसते तर रविवारी इपीत मोठा गोंधळ झाला असता. फॉइलमध्ये टिप जमिनीला लागली तर पांढरी लागते, बाऊट थांबते, एवढेच. इपीत अंगावर कुठेही टच चालतो, लामे नसते, पांढरी लाइटही नसते. अर्थिंग नसलेल्या पिस्टवर टिप टेकली की रंगीत लागते आणि तो टच दिसतो. पायावर मारायचे सोडून कोणी बुटाशेजारी पिस्टवर मारले तर ओळखायचे कसे?

सकाळी पिस्ट पुन्हा टाकल्यावर चारही ठिकाणी वर सांगितलेली चाल-चाचणी घेतली, इपीच्या वायरने. चेकिंगची तीन टेबले लावली. इपीला ७५० ग्रॅमचे वजन आणि टिपची हालचाल मापायच्या दीड व अर्ध्या मिलिमीटरच्या पट्ट्या. लामेचे काम नसल्याने मोकळे झालेले टेबल मास्कला दिले. मास्क आधी, बाकी सगळे नंतर, असा क्रम ठेवला, म्हणजे घाई झाली तरी मास्क सुटणार नाही.

सेबर दुपारी होते आणि ट्रान्स हार्बर लोकल मार्गावर मेगाब्लॉक जाहीर झालेला. ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडचे खेळाडू ब्लॉकमध्ये अडकले तर चेकिंगचा सगळा भार पुन्हा एका तासात येणार, म्हणून सेबरच्या सर्वांना सकाळी १० पर्यंत सामान जमा करायला शनिवारी रात्रीच कळवले. भवानी देवी टोकियो ऑलिम्पिकला गेली, तिथे उतरलेली ती पहिली भारतीय तलवारबाज, आणि तिचे शस्त्र सेबर. मुली या शस्त्राकडे हौसेने येतात, पण सामान बहुतेकींचे उसने असते. सेबरचे लामे बाह्यांसकट असते, मास्कची जाळीही सर्किटमध्ये असते, आणि हातमोज्यावरही धातूचे कापड लागते. यातले एक जरी दुसऱ्याचे, ढिले किंवा मळलेले असले तरी टच हरवतो. तीन मुलींच्या मास्कच्या क्लिप गंजलेल्या निघाल्या. बारीक पॉलिश पेपरने घासल्यावर चालू झाल्या.

निघताना प्रशिक्षकांना एक छापील कागद दिला. लामे ओले घडी करून बॅगेत ठेवू नका. घामातले मीठच त्याची तार खाते. घरी गेल्यावर कोमट पाण्यात, सौम्य साबणात बुडवून काढा, पिळू नका, पंख्याखाली रुंद हँगरवर वाळवा. मास्क बॅगेच्या बाहेर ठेवा. वायर हाताच्या पंजाभोवती करकचून गुंडाळू नका, मोठ्या वेढ्याने गुंडाळा.

डावे रील सोमवारी उघडले. सरकती कडी हिरवट झाली होती. पॉलिश पेपर आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून, वाळवून, खात्रीच्या फॉइलने वीस वेळा केबल बाहेर-आत करून पाहिली. लाइट लागली नाही. कागद काढला नाही. त्यावर खाली तारीख घालून «साफ केले, पुढच्या स्पर्धेत आधी तपासा» एवढे लिहिले.